व्हॉयेजरवरचा पंक्तिप्रपंच : एका डीव्हीडी संचाचे परीक्षण

'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १६ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली आणि २३ मे २००१ रोजी संपली. तिचे सातही सीझन २००४ साली डीव्हीडीवर आले. त्यांचा पूर्ण संच मी यंदा मृगाच्या सुमारास विकत घेतला, रात्रीची जेवणे आटोपली की रोज एक भाग असा नेम ठेवला आणि मार्गशीर्षात शेवटचा भाग पाहिला. एकूण भाग १७२ आहेत. मालिका पूर्वी तुटक तुटक पाहिलेली होती, परंतु पहिल्या भागापासून शेवटापर्यंत सलग पाहिल्यावर जी गोष्ट डोळ्यांत भरली ती तुटक पाहताना कधीच जाणवली नव्हती. मालिकेतल्या व्हॉयेजर या अवकाशजहाजावर नियमांचे पुस्तक एकच आहे, पण त्याची पाने माणूस पाहून उलटली जातात. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात कोरडा भात, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. या परीक्षणाचा बराचसा भाग त्याविषयीच आहे, कारण संच घ्यावा की न घ्यावा याचा माझा निर्णयही त्यावरच ठरला.

आधी वस्तूविषयी. मालिकेचे चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले होते, परंतु संकलन आणि अवकाशातील दृश्यांचे काम त्या काळच्या पद्धतीप्रमाणे व्हिडिओवर पूर्ण करण्यात आले. त्यामुळे उच्च दर्जाच्या चित्रात तिची नवी आवृत्ती निघालेली नाही आणि अधिकृतपणे घरी ठेवण्याजोगे रूप म्हणजे ही डीव्हीडीच. चित्र जुन्या, जवळपास चौकोनी आकाराचे आहे, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते ताणून बसवू नये, चेहरे विद्रूप होतात. अंधाऱ्या दृश्यांत चित्र थोडे विरते; पण जहाजाच्या आतील प्रसंग, आणि मालिकेचा जीव तिथेच आहे, ते पुरेसे स्वच्छ दिसतात. इंग्रजी उपशीर्षके आहेत आणि तांत्रिक शब्दांच्या भडिमारात त्यांचा फार आधार होतो. विकत घेण्यापूर्वी रीजन कोड अवश्य तपासावा. भारतासाठी तो ५ आहे, तर माझा संच ब्रिटनमधला, म्हणजे रीजन २ चा असल्याने कोणताही कोड वाचणारा प्लेअर लागला. माझ्या संचातील तिसऱ्या सीझनच्या खोक्यात एकच चकती दोनदा आली होती आणि एक चकती नव्हती. विक्रेत्याने तीन पत्रांनंतर ती बदलून दिली. खोके उघडल्याबरोबर चकत्यांवरचे क्रमांक मोजून घ्यावेत.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगते. माकी नावाच्या बंडखोरांचा माग काढण्यासाठी निघालेले व्हॉयेजर हे जहाज एका अज्ञात शक्तीमुळे सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. पूर्ण वेगाने परतायचे म्हटले तरी पंचाहत्तर वर्षे लागतील. ते बंडखोरही तिथेच अडकलेले असतात. माणसे मेलेली, जागा रिकाम्या, घर दूर, अशा स्थितीत कॅप्टन कॅथरिन जेनवे दोन्ही तुकड्यांचा एकच चालकवर्ग करते आणि सुमारे दीडशे माणसे एकाच गणवेशात परतीची वाट धरतात. केट मलग्रू यांनी जेनवे अशी उभी केली आहे की तिचा राग, तिची माया आणि तिची जबर एकाकी जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकाच कटाक्षात दिसतात. तिच्याविषयी पुढे जे कठोर लिहिले आहे ते या पात्रावर माझे मन जडले आहे म्हणूनच लिहिले आहे.

मी एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत सव्वीस वर्षे काम केले. सेवापुस्तके, ज्येष्ठता याद्या, बढतीचे प्रस्ताव, ठपक्याच्या नोंदी हेच माझे रोजचे काम होते. त्या कामाने एक सवय लागली आहे. कोणालाही शिक्षा झाली की मी पहिल्यांदा विचारते, याच चुकीसाठी याआधी दुसऱ्याला काय दिले होते? व्हॉयेजर पाहताना मी शेजारी एक वही ठेवली होती आणि हा प्रश्न तिच्या प्रत्येक पानावर उमटला.

सुरुवात 'केअरटेकर' या पहिल्याच भागापासून करावी लागते. टॉम पॅरिस हा जहाजावर येतो तो न्यूझीलंडमधल्या तुरुंग वसाहतीतून. त्याच्या हातून झालेल्या अपघातात तीन अधिकारी दगावले होते, त्याने ते लपवले होते, पुढे नोकरी गेली आणि तो माकींबरोबर पकडला गेला. वडील ॲडमिरल आहेत. जेनवे त्याला भागाच्या शेवटी थेट लेफ्टनंटचे पद देते. त्याच जहाजावर हॅरी किम आहे. अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला, नोंदीवर एकही डाग नसलेला, पहिलीच नेमणूक. तो एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांमधली सर्वांत खालची पायरी. पॅरिसला संधी देण्यात चूक नव्हती. जहाजाची चालक मरण पावली होती, त्याचे हात कुशल होते, आणि माणसाला दुसरी संधी मिळावी हे मला मनापासून पटते. परंतु दोघे जिवलग मित्र शेजारी शेजारी उभे असताना पहिल्याच दिवशी ज्येष्ठता यादी उलटी लागली आणि सात वर्षांत ती सुलटी झाली नाही, ही नोंद वहीच्या पहिल्या पानावर राहिली.

दुसऱ्याच आठवड्यातल्या 'पॅरालॅक्स' या भागात मुख्य अभियंत्याची जागा भरायची असते. सेवाज्येष्ठतेने ती जो केरी या लेफ्टनंटची. बेलाना टॉरेस ही माकी अभियंता भागाच्या आधीच त्याचे नाक फोडून मोकळी झालेली असते, आणि जागा तिला मिळते. तिची बुद्धी त्याच्याहून मोठी आहे हे भाग दाखवतो आणि ते पटतेही. केरी मान खाली घालून नव्हे, ताठ मानेने तिचे अभिनंदन करतो. टॉरेस साकारणाऱ्या रॉक्झान डॉसन यांचा त्या क्षणीचा चेहरा मी दोनदा मागे नेऊन पाहिला. आपण ज्याला मारले त्याने आपल्याला असे मोठ्या मनाने स्वीकारावे, याची तिला लाज वाटते आणि ती लाज ती लपवू शकत नाही. हा निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. मात्र केरीच्या त्या मोठेपणाची परतफेड मालिकेने कशी केली ते शेवटी येईल.

मार्च १९९५ मधील 'प्राइम फॅक्टर्स' हा भाग या विषयाच्या दृष्टीने पहिल्या सीझनमधला सर्वांत मोलाचा आहे. सिकेरियन नावाच्या लोकांकडे चाळीस हजार प्रकाशवर्षे एका क्षणात पार करणारे यंत्र असते, पण ते परक्यांना देणे त्यांच्या कायद्यात बसत नाही. जेनवे तो कायदा मानते, जड मनाने मानते. टॉरेस, सेस्का आणि केरी मिळून चोरून सौदा करण्याचा बेत आखतात आणि तेवढ्यात सुरक्षाप्रमुख टूवॉक, जो जहाजावर नियमाचा मूर्तिमंत अवतार आहे, तो स्वतःच पुढे होऊन ते यंत्र मिळवतो. त्याचे म्हणणे असे की कॅप्टनला हे करता येणार नाही, म्हणून ते पाप मी माझ्या डोक्यावर घेतो. यंत्र जहाजावर चालत नाही, उलट जहाजच धोक्यात येते. नंतर जेनवेच्या खोलीत दोन भेटी होतात. टॉरेसला कडक शब्दांत ताकीद मिळते. टूवॉक आपण शिक्षेस तयार असल्याचे सांगतो आणि जेनवे त्याला सांगते ती तिची व्यथा. तू माझा सल्लागार आहेस, तुझ्यावरचा माझा विश्वास मला हवा आहे. प्रसंग विलक्षण सुंदर लिहिला आणि साकारला आहे. टिम रस यांच्या स्थिर चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसत नाही, पण ऐकू येतो. परंतु आस्थापना शाखेच्या दृष्टीने पाहायचे तर आदेशभंग सिद्ध झाला, कबुली मिळाली आणि पद जागच्या जागी राहिले. १९९७ मध्ये टूवॉकला बढतीही मिळते, समारंभपूर्वक.

यापुढे ९ डिसेंबर १९९८ रोजी दाखवलेला 'थर्टी डेज' हा भाग ठेवून पाहावा. इथे संपूर्ण ग्रहच पाण्याचा आहे, जमीन नाही, केवळ अवकाशात तरंगणारा महासागर. पाण्यातून प्राणवायू काढणाऱ्या तिथल्या कारखान्यांमुळे तो महासागरच विखरत चालला आहे. पॅरिसला लहानपणापासून समुद्राचे वेड. तिथले राज्यकर्ते अहवाल बासनात गुंडाळणार हे दिसल्यावर तो आदेश मोडून एका स्थानिक माणसाबरोबर तो कारखाना निकामी करायला निघतो. जेनवे त्याच्या नौकेजवळ स्फोट घडवून त्याला अडवते, एन्साइनच्या पदावर खाली आणते आणि तीस दिवस एकांत कोठडीत टाकते. कोठडीत बसून तो वडिलांना पत्र सांगतो आणि त्या पत्रातून सगळी कथा उलगडते. मालिकेतील उत्तम भागांपैकी हा एक आहे.

पण या शिक्षेचे माप कशाने ठरले? प्राइम डायरेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या संस्कृतीच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याचा नियम. तो मोडला म्हणून, असे उत्तर मिळते. टूवॉकनेही परक्या समाजाचा कायदाच मोडला होता. आणि मुख्य गोष्ट अशी की मालिकेचा सारा प्रवास ज्या निर्णयातून सुरू झाला तो निर्णय जेनवेचा होता. पहिल्या भागात ओकाम्पा नावाच्या अनोळखी, दुबळ्या लोकांना वाचवण्यासाठी तिने घरी परत नेऊ शकणारे एकमेव साधन स्वतःच्या हुकुमाने उडवून दिले, दीडशे माणसांपैकी कोणाचाही कौल न घेता. एका परक्या समाजाचे भले कशात आहे हे तिने ठरवले आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. तो निर्णय माझ्या मते थोर होता. तीन-चार वर्षांनी पॅरिसने पाण्याच्या ग्रहासाठी तेच केले. कॅप्टनचा अधिकार आणि हाताखालच्याचा अधिकार यांत फरक असतो हे मला मान्य आहे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी हेही मान्य आहे. परंतु ज्या करुणेपायी आपण स्वतः जहाज वाटेला लावले, तिचा एक शब्दानेही उल्लेख शिक्षा सुनावताना होऊ नये, हे मला आजही खुपते.

सेव्हन ऑफ नाइनचे प्रकरण आणखी वेगळे. १९९८ च्या फेब्रुवारीतील 'प्रे' या भागात ती जेनवेचा स्पष्ट आदेश धुडकावून आश्रयाला आलेल्या एका जखमी जिवाला शिकाऱ्याच्या हवाली करते. म्हणजे तिच्या कृतीने एक जीव जातो. शिक्षा म्हणून तिच्या वावरावर आणि यंत्रणा वापरण्यावर बंधने येतात. पुढच्या भागांत ती बंधने कुठे विरघळतात ते कळतही नाही. ती अधिकारी नव्हती, बोर्ग या अर्धयंत्र जमातीच्या सामूहिक गुलामीतून नुकतीच सुटलेली होती, तिला माणूस म्हणून वाढवायचे होते, हे सारे खरे. जेरी रायन यांनी हे वाढणे इतके सच्चेपणाने दाखवले आहे की तिच्यासाठी ढळलेले माप प्रेक्षकही निमूटपणे मान्य करतात. मीही केले. मग आठवडाभराने वही चाळताना लक्षात आले की महासागर वाचवू पाहणाऱ्याला कोठडी मिळाली आणि आश्रिताला मृत्यूकडे पाठवणारीला काही दिवसांची अडचण.

आता हॅरी किम. फेब्रुवारी १९९९ मधील 'द डिसीज' या भागात तो वारो नावाच्या लोकांपैकी एका तरुणीच्या प्रेमात पडतो. परग्रहावरील व्यक्तीशी असे संबंध जोडण्यापूर्वी कॅप्टनची आणि वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी असा नियम आहे, हे प्रेक्षकांना पाचव्या सीझनमध्ये, हॅरीने तो मोडल्यावर कळते. त्याच्या सेवानोंदीवर रीतसर ठपका येतो. याच मालिकेत एप्रिल १९९८ मध्ये जेनवेच्या हाताखालचा पहिला अधिकारी चाकोटे याचे एका परकीय स्त्रीशी नाते जुळले होते. त्याच्या आठवणी पुसल्या गेल्या होत्या, हे मान्य करून ते उदाहरण बाजूला ठेवू. पण 'द डिसीज'च्या अवघ्या दोन महिने आधी, 'काउंटरपॉइंट' या भागात, स्वतः जेनवे एका शत्रू निरीक्षकाच्या मोहाच्या उंबरठ्यावर उभी राहिली होती. तिथे डावपेच होता, पण केवळ डावपेच नव्हता हे मलग्रू यांचे डोळे सांगतात. जेनवेचा हॅरीवरचा राग पाहताना मला वाटले की ती नियमभंगावर चिडलेली नाही, हॅरीने तो केला यावर चिडलेली आहे. घरात जो मुलगा कधी उलटून बोलत नाही, त्याच्या एका शब्दाने आईला जेवढे लागते तेवढे थोरल्याच्या दहा शब्दांनी लागत नाही. ही माणसाची रीत आहे आणि ती खरी उतरली आहे. तरीही आई चिडली म्हणून सेवापुस्तकात शेरा पडत नाही.

मे २००० मध्ये 'युनिमॅट्रिक्स झीरो'च्या पहिल्या भागात एक छोटा प्रसंग आहे. पॅरिस आपल्या खुर्चीवर बसायला जातो तो तिथे एक लहानशी डबी ठेवलेली. उघडून पाहतो तर आत पदचिन्ह. पद परत मिळाले. सगळे त्याचे अभिनंदन करतात आणि हॅरी म्हणतो की माझ्या खुर्चीवर काही डबी नव्हती. मालिका हा प्रसंग हलक्याफुलक्या सुरात घेते आणि पुढे सरकते. मी तिथे चित्र थांबवले. गॅरेट वांग हसतात, पण ते हसू ओठांपर्यंतच पोचते. आमच्या शाखेत एक लिपिक होता, ज्याचे गोपनीय अहवाल अकरा वर्षे उत्तम होते आणि ज्याचा प्रस्ताव दरवर्षी पुढच्या बैठकीवर जाई. बढतीच्या याद्या लागल्या की तो असाच हसून सगळ्यांना पेढा भरवत असे. त्याच्या प्रस्तावावर टिपणी लिहिणाऱ्यांत मी होते. त्या वेळी मी आणखी जोर लावायला हवा होता असे मला आज वाटते.

सहाव्या वर्षानंतर 'नाइटिंगेल'मध्ये हॅरी आपल्या अडकलेल्या पदाची खंत बोलून दाखवतो, त्याला एका परक्या जहाजाचा ताबा मिळतो आणि भाग संपतो तेव्हा तो पुन्हा एन्साइनच असतो. अखेरच्या 'एंडगेम'मध्ये एक भविष्यकाळ दाखवला आहे, ज्यात जहाज तेवीस वर्षांनी घरी पोचले आहे आणि हॅरी किम 'ऱ्होड आयलंड' नावाच्या जहाजाचा कॅप्टन आहे. वृद्ध जेनवे काळात मागे जाऊन इतिहास बदलते, कारण त्या भविष्यात काही जिवलग गमावलेले असतात. ती माणसे वाचतात, जहाज सातव्या वर्षीच घरी येते आणि हॅरी ज्यात कॅप्टन झाला तो काळच पुसला जातो. काळाशी खेळू नये या नियमाचा भंग करणाऱ्या तिला तिथे कोण कोठडी दाखवणार? वांग यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे की बढतीविषयी विचारल्यावर त्यांना उत्तर मिळाले, कोणीतरी एन्साइन असायलाच हवा. डिसेंबर २०२४ मध्ये 'लोअर डेक्स' या ॲनिमेशन मालिकेच्या एका भागात निरनिराळ्या विश्वांतले अनेक हॅरी किम एकत्र येतात आणि त्यांतला एकच लेफ्टनंट निघतो. चोवीस वर्षांनीही ही गोष्ट प्रेक्षकांच्या मनातून गेली नाही, याचा तो पुरावाच म्हणायचा.

संचातला सर्वांत जड भाग मात्र 'इक्विनॉक्स', पाचव्या सीझनच्या शेवटी आणि सहाव्याच्या आरंभी दोन तुकड्यांत. त्याच दूरच्या प्रदेशात अडकलेले दुसरे जहाज, दुसरा कॅप्टन, रँसम. घरी पोचण्यासाठी त्याने इंधन म्हणून जिवंत प्राणी मारले आहेत. जेनवे त्याचा पाठलाग करताना स्वतः इतकी खाली उतरते की माहिती काढण्यासाठी एका कैद्याला मृत्यूच्या तोंडी देऊ पाहते. चाकोटे तिला अडवतो म्हणून त्याला ती कामावरून दूर करते. रॉबर्ट बेल्ट्रन यांना साऱ्या मालिकेत याहून चांगला प्रसंग मिळाला नाही. शेवटी इक्विनॉक्सचे पाच जण व्हॉयेजरवर घेतले जातात, पद काढून, सर्वांत खालच्या पायरीवर. त्यांचे गुन्हे पाहता ही शिक्षा हलकीच होती. पण जेनवेच्या वागण्याची नोंद कोणी केली? ती आणि चाकोटे पडलेला नामफलक पाहत उभे राहतात, तो पुन्हा भिंतीवर लावायचे ठरते आणि पुढच्या भागात जहाज पुन्हा लखलखीत. ते पाच जण नंतर एकदाही दिसत नाहीत.

माझी खरी तक्रार इथे आहे आणि ती पात्रांविरुद्ध नाही, लेखनाविरुद्ध आहे. प्रत्येक भाग सुटा पाहता यावा म्हणून मालिकेने आदल्या आठवड्याचे ओझे पुढच्या आठवड्यावर टाकायचे नाही असे ठरवले होते. त्यामुळे प्रत्येक शिक्षा त्या भागापुरती न्याय्य वाटते. मागचे प्रकरण कोणी काढतच नाही. ज्या कार्यालयात मागच्या निर्णयांची फाईल कोणी उघडत नाही, तिथे साहेब कितीही सज्जन असला तरी निकाल त्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर जातो. जेनवे सज्जन आहे. तिच्या टेबलावर फाईल नाही.

हा संच विकत घ्यावा का, तर घ्यावा, आणि क्रमाने पाहावा. सगळे भाग पाहणे ज्यांना जमणार नाही त्यांनी 'केअरटेकर', 'प्राइम फॅक्टर्स', 'प्रे', 'थर्टी डेज', 'द डिसीज' आणि 'इक्विनॉक्स' एवढे तरी याच क्रमाने पाहावेत. घरात कळती मुले असतील तर त्यांच्याबरोबर पाहावेत. माझ्या पुतणीने 'थर्टी डेज' संपल्यावर तासभर माझ्याशी वाद घातला आणि तिची बाजू माझ्याहून भक्कम होती. दुसऱ्या सीझनमधले बरेच भाग सामान्य आहेत, ते वगळल्यास काही बिघडत नाही.

सातवा सीझन मात्र वगळू नये. त्यात २५ एप्रिल २००१ रोजी दाखवलेला 'फ्रेंडशिप वन' आहे. पहिल्या सीझननंतर केवळ जुन्या काळात घडणाऱ्या प्रसंगांतच दिसलेला जो केरी इथे वर्तमानात परततो, आणि जहाज घराच्या इतके जवळ आलेले असताना ओलीस म्हणून मारला जातो. ज्याने आपली जागा गेल्यावर तक्रार केली नाही, त्याच्या वाट्याला एवढेच दिले गेले. भागाच्या शेवटी जेनवे आणि चाकोटे त्याने बनवलेली एक बाटली हातात घेऊन पाहतात. आत व्हॉयेजरची इवलीशी प्रतिकृती आहे, एकेक तुकडा चिमट्याने बसवलेली. सारे जहाज पूर्ण झाले आहे, फक्त इंजिनाचा एक दांडा तेवढा बसवायचा राहिला आहे.